अंगणातला हौद आणि लांबचे पाहुणे

बालमित्रांनो, थंडी सरत आली की एक पत्र हमखास येतं. या वेळी ते मोशीहून आलंय. सहावीतला एक मुलगा लिहितो, "बाई, दिवाळीच्या सुट्टीत मी बारा गप्पी आणि दोन मॉली आणले. गच्चीवर अर्धा कापलेला ड्रम होता, त्यात सोडले. रोज खायला घालत होतो. जानेवारीत एका सकाळी बघतो तर नऊ मासे पाण्यावर आडवे! बाबा म्हणतात पाणी खराब झालं, आजी म्हणते गारठ्याने गेले, दुकानदार म्हणतो नवीन घेऊन जा. खरं कोणाचं?"

दुकानदाराचं सोडून द्या. आजीचं बरंचसं खरं आहे आणि बाबांचंही थोडं आहे. पण या प्रश्नाचं उत्तर हौदापाशी नाही, भूगोलाच्या तासाला मिळतं. म्हणून आधी नकाशा काढू.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या सगळ्यांना उष्ण कटिबंधातले मासे म्हणतात. आता तुमच्यातला एखादा हुशार लगेच हात वर करेल, "बाई, आपणही उष्ण कटिबंधातच राहतो की!" शाब्बास. कर्कवृत्त आपल्या बरंच उत्तरेला आहे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण साधारण साडेअठरा-पावणेएकोणीस अक्षांशांवर. मग आपल्याकडे हे मासे का गारठतात? गप्पीचं मूळ घर आहे व्हेनेझुएला, गयाना आणि त्रिनिदाद बेट. त्रिनिदाद दहा-अकरा अंशांवर, भोवती समुद्र. तिथे रात्रसुद्धा सहसा २० अंशांच्या खाली जात नाही. आपण मात्र दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी, आभाळ निरभ्र, दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर थंड होते आणि पहाटे पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. पुन्हा दुपारी २८-३०! एका दिवसात वीस अंशांची चढउतार. आपण स्वेटर घालतो, काढतो. माशाच्या अंगाचं तापमान भोवतीच्या पाण्याइतकंच असतं, त्याला स्वेटर कुठला?

जाता जाता सांगते, गप्पी हे नाव आपल्या गप्पांवरून आलेलं नाही बरं का! रॉबर्ट लेचमेअर गप्पी नावाचे एक गृहस्थ त्रिनिदादमध्ये राहत. त्यांनी १८६६ मध्ये हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि त्यांच्या आडनावावरून नाव पडलं. पुढे कळलं की पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच या माशाला शास्त्रीय नाव देऊन ठेवलं होतं. पण तोवर सगळ्यांच्या तोंडी गप्पीच बसलं.

तर आता हौद. मोशीच्या मित्राच्या अर्ध्या ड्रममध्ये जेमतेम शंभर लिटर पाणी, तेही गच्चीवर, चारही बाजूंनी वारा. असं पाणी पहाटे हवेइतकंच गार होतं. तुमच्या घरासमोर तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल हौद असेल तर किती पाणी मावेल? तीन गुणिले दोन गुणिले दोन, बारा घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणजे सव्वातीनशे लिटरच्या वर. एवढं पाणी तापायलाही वेळ लावतं आणि थंड व्हायलाही. त्यातून हौद निम्मा जमिनीत पुरलेला असेल तर फारच छान, कारण आत माती उबदार असते. आमच्या चौथीच्या मुलांनी जानेवारीत रोज सकाळी सात वाजता दोन्हीकडे तापमापी बुडवून पाहिली. जमिनीतल्या हौदाचं आणि उघड्या टबाचं पाणी यांत पाच-सहा अंशांचा फरक पडे. गप्पीला २२ ते २८ अंश आवडतात. १८ पर्यंत तो चालवून घेतो, १५ च्या आसपास सुस्त होऊन तळाशी बसतो. त्याहून खाली गेलं की त्याचं खरं नाही. म्हणजे ते पाच-सहा अंश कसले आहेत, लक्षात आलं?

थंडीत आणखी दोन गोष्टी करा. संध्याकाळी हौदावर गोणपाट किंवा जाडसर चादर अंथरा आणि ऊन आलं की काढा. आणि खाणं निम्म्यावर आणा, कारण गार पाण्यात माशाचं पोट हळू चालतं. न खाल्लेलं अन्न तळाशी कुजतं. इथे बाबांचं म्हणणं खरं ठरतं. आता आईबाबांसाठी एक वाक्य, जरा मोठ्याने वाचा : हौदातलं पाणी तापवायला अंघोळीचा रॉड किंवा एक्स्टेन्शन वायर लावलेला हीटर कृपा करून कोणीही वापरू नये. ओल्या अंगणात वीज खेळवायची नसते. ज्यांना कडाक्याच्या थंडीतही काळजी नको असेल त्यांनी मासे घरातल्या टाकीत न्यावेत आणि होळीनंतर परत बाहेर आणावेत. घरात लहान भावंडं असतील तर हौदावर घट्ट बसणारी लोखंडी जाळीही हवी. रांगत्या बाळाला फूटभर पाणीसुद्धा धोक्याचं असतं.

ड्रमवरून आठवलं. आपल्या भागात भंगारवाल्याकडे निळे प्लॅस्टिकचे ड्रम स्वस्तात मिळतात. ते आले कुठून? बहुतेक कुठल्यातरी कारखान्यातून. आत रंग, थिनर, अॅसिड, कूलंट, काय होतं देव जाणे. लेबल फाटलेलं असेल तर तो ड्रम घेऊच नका. दहा वेळा धुतला तरी प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं रसायन हळूहळू पाण्यात उतरत राहतं. आणि आईबाबा भोसरीतून, चाकणहून कामावरून येतात ना, त्यांना सांगा, हौदात हात घालण्याआधी साबणाने हात धुऊन, साबणही नीट जाऊ द्या. ग्रीसचा एवढासा तवंग पाण्यावर पसरला तरी मासे कासावीस होतात.

नवा सिमेंटचा हौद बांधून घेतला असेल तर मासे आणायची घाई नको. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि माशांचे कल्ले भाजतात. पाणी भरायचं, चार-पाच दिवसांनी काढायचं, आतून खराट्याने घासायचं, पुन्हा भरायचं. असं चार-पाच वेळा. काढलेलं पाणी झाडांना घालू नका, त्यांनाही ते बाधतं.

मग नळाचं पाणी. पिंपरी-चिंचवडला पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून उचललं जातं आणि निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध होऊन घरोघर येतं. शुद्ध करताना त्यात क्लोरीन घालतात. आपल्याला तो रोगजंतूंपासून वाचवतो, माशाच्या कल्ल्यांना मात्र चटका देतो. म्हणून नळाचं पाणी उघड्या बादलीत किंवा टबात एक दिवस, जमलं तर दोन दिवस, उन्हात ठेवायचं. क्लोरीन उडून जातो. पाणी साठवायची सवय आपल्याकडच्या घरांना आहेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात पाणी दिवसाआड सुरू झालं, तेव्हापासून तर घरोघर पिंपं आली.

पण मुलांनो, सगळं पाणी कधीही एकदम बदलायचं नाही! हे मी अधोरेखित करते, कारण बहुतेक मासे अस्वच्छतेने मरत नाहीत, अति स्वच्छतेने मरतात. हौद घासून लखलखीत केला की आजोबा शाबासकी देतात आणि दोन दिवसांनी मासे उलटे होतात. कारण असं : माशांच्या मलमूत्रातून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो त्यांच्यासाठी विषच. पण हौदाच्या भिंतींवर, दगडांवर जो बुळबुळीत थर असतो ना, त्यात अगदी बारीक जीवाणू राहतात. ते अमोनियाचं रूपांतर नायट्राइटमध्ये करतात, दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेटमध्ये करतात आणि ते नायट्रेट पाणवनस्पती खत म्हणून वापरतात. तुम्ही घासून काढलात तो घाणीचा थर नव्हता, तो हौदाचा सफाई कामगार होता. हा कामगारवर्ग जमायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून आधी हौदात वनस्पती लावा, पाणी मुरू द्या, मग चार-पाच मासे, मग महिन्याने आणखी. पाणी बदलायचं ते आठवड्याला साधारण पाव हिस्सा. कुणाच्या घरी गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, तो दिवस ठरवून टाका. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, जास्वंद खूश होईल.

मासे घरी आणले की पिशवी तशीच बांधलेली पंधरा-वीस मिनिटं हौदावर तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं हौदाचं पाणी पिशवीत घ्यायचं, मग मासे सोडायचे. त्यांना धक्का बसत नाही. कुठले मासे आणायचे? गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल, बस्स. एंजल, डिस्कस, निऑन टेट्रा यांना बाहेरची हवा सोसत नाही. गोल्डफिश बाहेर मजेत राहतो, पण तो मूळचा चीनचा, थंड पाण्याचा मासा. शिवाय तो वाढतो, खूप घाण करतो आणि गप्पीची पिल्लं गिळतो. दोघांना एका हौदात ठेवू नका.

उन्हाळ्याचं उलट. एप्रिल-मेमध्ये हवा ४० पर्यंत चढते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेताना दिसले तर समजा, गुदमरतायत. निम्म्या हौदावर सावली हवी. हिरवी जाळी चालेल, कुमुदाची पानं असतील तर त्याहून उत्तम. हायड्रिला चांगली, पण तीही फार माजू देऊ नका, कारण वनस्पती रात्री प्राणवायू देत नाहीत, घेतात.

खाणं दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. पाव, पोळी, बिस्किट नको. आणि डासांच्या अळ्या हौदात आपोआप येतातच! गप्पीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, पाण्याच्या पृष्ठभागावरचं टिपायला. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. गप्पी असलेल्या हौदात अळीला एवढं आयुष्यच मिळत नाही. म्हणूनच आपल्या राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत गप्पी मासे पैदास केंद्रं असतात. तुमच्या गावातल्या केंद्राच्या आवारात एक हौद दिसतो का, बघा. एक खबरदारी मात्र घ्या : डासांसाठी धुराची फवारणी करणारी गाडी गल्लीत आली की पळत जाऊन हौदावर झाकण टाका. त्या धुरातलं औषध माणसाला फारसं बाधत नाही, माशांना ते फार विषारी असतं. हौदाच्या शेजारी डासांची अगरबत्तीही लावू नका.

अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो आजार आहे, गारठ्यानंतर हमखास येतो. तो मासा वेगळ्या बादलीत घ्या, दहा लिटर पाण्याला दोन लहान चमचे खडे मीठ विरघळवा आणि बादली घरात उबेला ठेवा. मीठ हौदात टाकू नका, वनस्पती जळतात.

आता पाहुणे. हौद बाहेर असला की बातमी पसरते. खंड्या विजेच्या तारेवर येऊन बसतो. ढोकरी काठावर अशी निश्चल उभी राहते की मातीची वाटावी. मांजराचं तर विचारूच नका. चतुर पाण्यात अंडी घालतो आणि त्याची अळी गप्पीची पिल्लं फस्त करते. मला विचाराल तर वरून जाळी लावा, पण थोडी नासधूस सोसा. खंड्याची झेप अंगणात बसून पाहायला मिळणं काही कमी नाही!

आणि यातूनच एक सुंदर प्रयोग निघतो. जॉन एंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने त्रिनिदादच्या ओढ्यांत पाहिलं की जिथे मोठे शिकारी मासे आहेत तिथले गप्पीचे नर फिकट, आणि जिथे शिकारी नाहीत तिथले नर ठिपक्याठिपक्यांचे, भडक. मग अमेरिकेत काचघरात कृत्रिम तळी बांधून त्याने गप्पी पाळले. काहींत शिकारी सोडले, काहींत नाही. थोड्याच पिढ्यांत शिकारी असलेल्या तळ्यांतल्या नरांचे ठिपके कमी झाले, नसलेल्यांतले वाढले! १९८० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. भडक नर मादीला आवडतो, पण शिकाऱ्यालाही आधी तोच दिसतो, असा सगळा पेच. तुमच्या हौदावर खंड्या येत असेल तर एक वही करा. दर दोन महिन्यांनी दहा नर काचेच्या बरणीत घेऊन ठिपके मोजा आणि परत सोडा. वर्षभराने वही बघा आणि मला जरूर लिहून पाठवा.

आता सगळ्यात अवघड भाग. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, तीन-चार आठवड्यांनी एकदा, वीस-तीस पिल्लं. सहा माद्यांची प्रत्येकी दहा पिल्लं जगली तरी महिन्यात साठ. तीन महिन्यांत ती पिल्लंही आया होतात. पुढचं गणित तुम्हीच करा, पाटी पुरणार नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी घरोघरी एकच कल्पना निघते : "जाऊ दे, नदीत सोडू. बिचारे मोकळे राहतील." कुणी विसर्जनाच्या दिवशी सोडतं, कुणी पुण्य म्हणून सोडतं.

मुलांनो, हे करू नका. पुन्हा नकाशा काढा. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा पुण्यात मुठेला भेटते, मुळा-मुठा पुढे भीमेत जाते. इंद्रायणी आळंदीवरून येऊन तुळापूरला भीमेला मिळते. चाकणकडची भामाही भीमेतच जाते. भीमा उजनीला, तिथून पंढरपूरला आणि शेवटी कृष्णेला. तुमच्या हौदातून निघालेल्या माशाला वाट मोकळी आहे. आणि एकच मादी पुरते, कारण एकदा नराबरोबर राहिलेली मादी पुढे नर नसतानाही काही महिने पिल्लं देऊ शकते.

"पण बाई, सरकारच गप्पी सोडतं ना?" सोडतं, पण डबक्यांत, टाक्यांत, बंद विहिरींत. वाहत्या नदीची गोष्ट वेगळी. गप्पी पुण्याच्या नद्यांत पोचलेले आहेतच, हेही खरं. पण त्यांच्यासोबत दुकानातले रोग जातात, आणि ज्या देशी माशांची अंडी-पिल्लं अशा पाहुण्यांच्या तोंडी पडतात त्यांना मैलापाणी आणि जलपर्णीतून आधीच श्वास घेणं कठीण झालंय. गप्पीचा चुलतभाऊ गंबुशिया १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला, डासांसाठीच. टिलापिया १९५२ मध्ये आला, खाण्यासाठी. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जीवांची एक यादी आहे. तिच्यात गंबुशिया आहे, टिलापिया आहे आणि दर उन्हाळ्यात पवना-इंद्रायणी झाकून टाकणारी आपली ओळखीची जलपर्णीही आहे. तीही निळ्या फुलांची शोभेची वनस्पती म्हणूनच जगभर फिरली. हौदात तिचं एक रोपसुद्धा ठेवू नका.

दुसरीकडे हेही ऐका. इंद्रायणी उगम पावते त्या लोणावळ्याजवळ, वळवणला, टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महाशीर माशांची पिल्लं वाढवण्याचं केंद्र सुरू केलं. महाशीर हा आपल्या नद्यांतला मोठा, देखणा मासा, तो कमी होत चालला म्हणून. नदीत काय सोडायचं हे ठरवायला अशी वर्षानुवर्षं खपणारी माणसं लागतात. आपल्या पिशवीतून ते ठरत नाही.

मग जास्तीच्या माशांचं काय? आधी नर आणि माद्या वेगळ्या टबात ठेवा. नर लहान, रंगीत. मादी मोठी, करडी. पोटात आधीच पिल्लं असलेल्या माद्या आणखी काही महिने देत राहतील, मग थांबेल. पिल्लांना लपायला फार दाट झुडपं ठेवू नका, मोठे मासेच संख्या आवरतात. ऐकायला कठोर वाटतं, पण त्यांच्या मूळ ओढ्यातही हेच चालतं. उरलेले शाळेच्या टाकीला, सोसायटीच्या कारंजाला, शेजारच्या पिंपाला द्या, अर्थात ज्याला हवेत त्यालाच. दुकानदार बहुतेक वेळा परत घेतो. आरोग्य केंद्रात विचारा. आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी हौदाच्या वरून वाहणाऱ्या नळीला मच्छरदाणीची जाळी दुहेरी करून तारेने घट्ट बांधा. काठाखाली चार बोटं जागा रिकामी ठेवा, पत्र्याच्या पन्हळीचं पाणी हौदात पडू देऊ नका. गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत मासे जातात ते एका जोरदार सरीत, मध्यरात्री, घरातले सगळे झोपलेले असताना.

मोशीच्या मित्रा, तुझे पाच मासे वाचलेत असं तू शेवटी लिहिलं आहेस. त्यांना तूर्त खाली, जिन्याशेजारच्या टाकीत हलव. आणि त्या ड्रमवर पूर्वीचं लेबल काही दिसतंय का, ते बघून कळव.